रेषेवरचा चेंडू

डेव्हिस कपचे तीन दिवस आमच्या कामोठ्याच्या घरात सणासारखे पाळले जायचे. शुक्रवारी दोन एकेरी सामने, शनिवारी दुहेरी, रविवारी उरलेले दोन एकेरी. पाचांतले तीन जिंकेल तो देश पुढे. बिल्डिंगमधल्या बाकीच्या घरांना क्रिकेट पुरत असे, त्यामुळे आमच्या हॉलमधून येणारा तो ठक्‌ ठक्‌ आवाज आणि मधली शांतता शेजाऱ्यांना चमत्कारिक वाटायची. बाबांना हा खेळ का आवडतो, हे त्यांनी मला एकदाच समजावून सांगितलं होतं. टेनिसपटू वर्षभर एकटा फिरतो, एकटा हरतो, हॉटेलच्या खोलीत एकटा जेवतो. या तीन दिवसांत मात्र उंच खुर्चीवरचा पंच त्याचं नाव घेत नाही, देशाचं घेतो. "गेम, इंडिया." हे दोन शब्द आले की बाबा खुर्चीत थोडे सरळ बसत. त्यांचे डोळे भरून येत हे मला ठाऊक होतं, आईलाही होतं, आणि आम्ही दोघी त्या वेळी दुसरीकडे बघत असू.

दोन खोल्यांचं घर. हॉलमध्ये संध्याकाळी आईची शिकवणी चाले, पाचवी ते सातवीची पंधरा-वीस मुलं सतरंजीवर बसत. सामन्याच्या दिवशी वर्ग आतल्या खोलीत हलायचा. आतून पाढ्यांचा एकसुरी आवाज आणि बाहेर टीव्हीवरच्या चेंडूचा, असे दोन्ही एकमेकांत मिसळायचे. रविवारी शिकवणी नसे. आई मोड आलेले वाल ताटात घेऊन सोलत बसायची, टीव्हीकडे पाठ करून. तिला बघायची गरज नव्हती. लोकांच्या आवाजावरून ती सांगायची, "गेला वाटतं सेट." ते वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि सोबत भाजलेले सुके बोंबील. बोंबील आणायचे बाळारामकाका. ते मूळ कामोठे गावातले. त्यांच्या जमिनीवर आमचे सेक्टर उभे राहिले आणि त्यांच्या वाट्याला आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरचे दोन गाळे आले. एका गाळ्यात त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. त्यांची बहीण किनाऱ्यावरच्या करंजाला दिलेली, तिच्याकडून सुकं यायचं. बाबांना टेनिसच्या वेडात साथ देणारा सगळ्या कामोठ्यात हा एक माणूस. ते खुर्चीवर कधी बसले नाहीत. जमिनीवर मांडी घालून, भिंतीला टेकून बसायचे आणि विचारायचे, "आपला डावरा हाय ना आज? मंग काय टेन्शन नाय."

बाबा रसायनीला एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. दिवसभर काचेच्या नळीतल्या द्रवाची पातळी वाचायची, हे त्यांचं काम. डोळा रेषेच्या पातळीला आणल्याशिवाय आकडा वाचायचा नाही, ही सवय त्यांच्या अंगात मुरली होती. घरात दूध मापायचं असलं तरी ते वाकून बघत. याच सवयीमुळे असेल, खेळाडू होण्याचं वय निघून गेल्यावर त्यांनी लाइन अंपायरची परीक्षा दिली. हे काम म्हणजे कोर्टाच्या कडेला उभं राहून एकाच रेषेकडे बघायचं, आणि चेंडू बाहेर पडला तर ओरडून सांगायचं. मुंबई-पुण्याच्या लहानमोठ्या स्पर्धांना ते सुट्ट्या टाकून जायचे. नवीन पनवेलच्या एका कोर्टवर त्यांनी मलाही शिकवलं होतं. "रेवा, चेंडूच्या मागे नजर पळवू नकोस. नजर रेषेवर आधी नेऊन ठेव, चेंडू आपोआप तिथे येतो." बाहेर गेला तर हात आडवा. आत पडला, अगदी रेषेला शिवला तरी, दोन्ही तळवे जमिनीकडे. आणि खेळाडू मध्ये आला, दिसलंच नाही, तर दोन्ही हात डोळ्यांपुढे धरायचे. मला ही तिसरी खूण फार आवडायची. दिसलं नाही असं सांगायलाही एक रीतसर खूण आहे, याचं मला त्या वयात नवल वाटायचं.

त्या वर्षी सामना पुण्यात होता आणि लाइन अंपायरांमध्ये बाबांचं नाव आलं. ही बातमी बाबांनी घरात फारच हळू आवाजात सांगितली. आईने गणवेशाच्या पँटला इतक्या वेळा इस्त्री केली की शेवटी त्यांनीच इस्त्रीची वायर काढून ठेवली. बाळारामकाकांनी दुकानावर पाटी लावली की शुक्रवार ते रविवार दुकान दुपारी बंद राहील. बाबांना घरच्यांसाठी एक पास मिळाला होता. आई म्हणाली, "मला घरीच बघू दे, तिथे माझा जीव थाऱ्यावर राहणार नाही." म्हणून मी गेले. मी चौदा वर्षांची होते, नववीत.

पुण्यात आम्ही आत्याकडे उतरलो. शुक्रवारी एक-एक झालं, शनिवारची दुहेरी आपण जिंकलो, रविवारी पहिली एकेरी हरलो. दोन-दोन. समोरचा संघ पूर्वेकडच्या एका छोट्या देशाचा होता, त्यांचे पाठीराखे मोजून डझनभर, सगळे एका कोपऱ्यात झेंडा धरून बसलेले. पाचव्या सामन्यात आपला एक अगदी नवा मुलगा खेळत होता आणि त्यांचा एक उंच, हडकुळा, पायाला पट्टी बांधलेला खेळाडू. बाबांकडे बेसलाइन होती, म्हणजे कोर्टाच्या अगदी मागची रेषा, आणि माझी जागा नेमकी त्यांच्या पाठीमागे तिसऱ्या रांगेत आली होती. त्यांच्या खांद्यावरून मला तीच रेषा सरळ दिसत होती. मी खेळाडूंकडे कमी आणि त्या रेषेकडे जास्त बघत होते. सवयीने. प्रत्येक चेंडूला मनात आधी माझा निर्णय द्यायचा आणि मग बाबांचा हात बघायचा. दोन तास आमचे निर्णय एकदाही वेगळे पडले नाहीत. मला त्याचा इतका अभिमान वाटत होता की गुण कोणाचे किती झाले हे मी मधूनमधून विसरत होते.

शेवटच्या सेटमध्ये आपल्या मुलाला मॅच पॉइंट मिळाला, आणखी एक गुण आणि सामना आपला. सगळं स्टेडियम उभं राहिलं आणि पंचाने दोनदा सांगितल्यावर खाली बसलं. लांबलचक रॅली झाली, चेंडू किती तरी वेळ जाळीच्या इकडून तिकडे जात राहिला. मग त्या हडकुळ्या खेळाडूने जवळजवळ पडता पडता एक उंच, खोल फटका मारला. आपला मुलगा मागे धावला, त्याने रॅकेट पुढे केली, पण चेंडू तिला लागला नाही. चेंडू रेषेच्या मागच्या कडेवर पडला. पांढऱ्यावर. मी ते बघितलं. मी मनात म्हटलं, आत. आणि त्याच वेळी बाबांचा आवाज आला, "आऊट." त्यांचा हात आडवा गेला होता.

नंतरच्या दोन-तीन सेकंदांबद्दल मी आयुष्यात किती विचार केला आहे, ते सांगता येणार नाही. चूक लक्षात आली तर लाइन अंपायरला लगेच हात वर करून दुरुस्ती सांगता येते. बाबांनीच मला ते शिकवलं होतं. मला त्यांची पाठ दिसत होती. आडवा गेलेला हात खाली आला, कोपरात थोडा वाकला, वर यायला लागल्यासारखा झाला. तोवर सगळं स्टेडियम कोसळल्यासारखा आवाज झाला, ढोल सुरू झाले, आपले खेळाडू झेंडा घेऊन कोर्टवर धावले. हात पुन्हा मांडीशी गेला. तो उंच खेळाडू रेषेजवळ येऊन वाकला, बोटाने जमीन दाखवत पंचाकडे बघत राहिला. पंचाने नकारार्थी मान हलवली. त्याला तिथून दिसणं शक्यच नव्हतं. मग तो खेळाडू बाबांकडे वळला. रागावला नव्हता तो. कुणी तरी सांगेल, अशा आशेने बघावं तसा बघत होता. बाबांनी त्याच्या नजरेला नजर दिली आणि मग खाली बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एसटीने परत निघालो. बाबांनी स्टँडवर पेपर घेतला होता. पहिल्या पानावर फोटो होता, झेंडा घेतलेले खेळाडू आणि मागे कोपऱ्यात, हात मांडीशी धरून ताठ उभे असलेले बाबा. सोडायला आलेल्या आत्याने पेपर बघून आनंदाने कात्रण ठेवायला सांगितलं होतं. गाडी घाट उतरायला लागली तेव्हा बाबा खिडकीकडे बघत म्हणाले, "रेवा, तुझी जागा अगदी सरळ रेषेत होती ना?"

"हो."

"तुला तो शेवटचा चेंडू काय दिसला?"

मी लगेच उत्तर दिलं. आम्ही दोन तास हाच खेळ खेळत होतो आणि आता त्यांनी निकाल विचारला होता, असंच मला वाटलं. "आत," मी म्हणाले. "मागच्या कडेवर. पांढऱ्यावर पडला."

बाबांनी मान हलवली. पेपरची घडी घातली, आणखी एक घातली, आणि तो बोटभर जाडीचा चौकोन शर्टाच्या खिशात ठेवला. आम्ही पळस्प्याला उतरलो. फाट्यावर बाळारामकाका जीप घेऊन उभे होते, हातात पेढ्यांचा पुडा. "सावंतभाऊ, तुमी टीवीवर दिसलात," ते म्हणाले. "मी वैनींना बोललो, बगा, आपला मानूस." त्यांनी बाबांच्या तोंडात पेढा घातला. बाबांनी तो चावला आणि गिळला. मला आजही पेढ्याचा वास आला की त्यांचा तो हळूहळू हलणारा जबडा दिसतो.

घरी आल्यावर बाबांनी पहिला फोन केला तो लाइन अंपायर नेमणाऱ्या मुख्य अंपायरांना. मी दाराशी उभी होते. चेंडू आत होता, एवढं सांगून बाबा बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "हो, निकाल बदलणार नाही, ते मला माहीत आहे. पण तुम्हाला ठाऊक असावं म्हणून." फोन ठेवून ते आत गेले. आईने सगळं विचारून घेतलं. बसमधलं माझं उत्तरही. ती म्हणाली, "ज्यांना सांगायचं त्यांना सांगितलंत. आता पुरे करा. जगात रोज किती चेंडू इकडचे तिकडे पडतात." नंतर स्वयंपाकघरात मला एकटीला गाठून ती म्हणाली, "तुला काय गरज होती गं बोलायची? नीट दिसलं नाही म्हणाली असतीस, तर हा माणूस शंकेवर राहिला असता. शंकेवर माणूस जगू शकतो." ती ओरडली नव्हती, पाठ माझ्याकडे होती, हात वालाच्या पाण्यात होते. पण ते वाक्य माझ्या आत जाऊन बसलं. आपण खरं बोललो आणि तरी काहीतरी वाईट केलं, हे कसं शक्य आहे, ते मला कळेना. डोळ्यांपुढे हात धरायची खूण मला येत होती. मी ती वापरली नाही, एवढंच राहून राहून आठवत होतं.

पुढच्या रविवारी पोपटी होती. थंडी सरत आली की बाळारामकाका आपल्या उरलेल्या शेताच्या तुकड्यावर बिल्डिंगमधल्या सगळ्यांना पोपटी खायला बोलवायचे. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडीचे तुकडे भरायचे, तोंडाला भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा आणि मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. त्या वर्षी त्यांनी बाबांच्या सत्काराचंही ठरवलं. शाल, नारळ, भाड्याने आणलेला माइक. दुपारी आई म्हणाली, "तब्येत बरी नाही म्हणून सांगा." बाबा म्हणाले, "बाळाराम घरी येऊन शाल घालेल." आईने साडी बदलली आणि चपला घातल्या.

ऊन कललं होतं, जाळ पेटला होता. काकांनी माइकवर भाषण केलं, म्हणाले की आमच्या कामोठ्याच्या मानसाच्या एका हाताने देश जिंकला. लोक हसले, टाळ्या झाल्या. ते शाल उलगडून पुढे आले तेव्हा बाबांनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि शालीची घडी परत जुळवली. मग माइक घेतला.

"मला ही शाल घेता येणार नाही," ते म्हणाले. "तो चेंडू आत होता. मी आऊट दिला ती चूक, आणि चूक कोणाकडूनही होते. पण मला लगेच कळलं होतं. हात वर करून सांगायला वेळही होता. मी सांगितलं नाही. त्या मुलाचा सामना मी घेतला. हे तुम्हाला कळल्यावर शाल द्यावीशी वाटली, तर द्या."

कुणीतरी हसलं, गंमत आहे समजून. मागून एक जण म्हणाला, "अहो, जिंकलो ना आपण, झालं तर मग." दुसरा म्हणाला, "त्यांचे पंच आपल्याला असंच करतात की." बाळारामकाका शाल छातीशी धरून उभे होते.  ते वळले, शाल जीपच्या सीटवर ठेवून आले आणि कोयत्याच्या मुठीने मडकं फोडलं. वाफ आली, पाल्याचा तो ओला, कडसर वास सगळीकडे पसरला. सगळे पत्रावळी घेऊन बसले. बाबांच्या शेजारी आई बसली, आईच्या शेजारी मी. आमच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहिली होती. मी शेंगा सोलून दाणे पत्रावळीच्या कडेला ठेवत होते.

बाबांना त्यानंतर कुठल्याच मोठ्या स्पर्धेचं बोलावणं आलं नाही. कुणी काही कळवलं नाही, नुसतं बोलावणं थांबलं. काही महिने संध्याकाळी ते कारखान्याच्या बसमधून उतरले की पार्किंगमधली मुलं "आऊट" असं ओरडायची आणि गाड्यांमागे लपायची. त्यांतली दोन-तीन आईच्याच शिकवणीतली होती.  पुढचा सामना परदेशात होता आणि टीव्हीवर दिसणार होता. त्या शुक्रवारी बाबा जेवण झाल्यावर पिशवी घेऊन बाजारात गेले आणि सामना संपल्यावर आले. शनिवारीही तेच. मी आवाज बंद करून बघत होते. स्वयंपाकघरातून आईने एकदाही काही विचारलं नाही. टीव्हीसमोरच्या जमिनीवरची बाळारामकाकांची जागाही रिकामी होती. जिन्यात भेटले तर ते बाबांना मान देत, थांबत नसत. हे सगळं एका शब्दाने झालं, आणि तो शब्द माझा होता, असं मी तेव्हा धरून चालले होते. शाळेत फळ्यावरचं दिसतं का असं बाईंनी विचारलं तरी मी आधी गप्प व्हायची.

वर्ष उलटून गेल्यावर एका रविवारी बाळारामकाका दारात आले. हातात करंजाच्या सुकटीची पुडी. "वैनी," ते म्हणाले, "मॅच लावली नाय का?" आईने माझ्याकडे बघितलं, मी टीव्ही लावला. ते भिंतीला टेकून बसले. आतून बाबा आले, उभे राहिले.

"मना राग कशाचा आलावता, ठावं हाय?" काका टीव्हीकडेच बघत म्हणाले. "चेंडूचा नाय. तुमी चार मानसांत बोललात त्येचा बी नाय. मी आठ दिवस गावभर सांगत फिरलो, शाल आणली, आन तुमी मना आदी सांगितला नाय. मी तुमचा कोन?"

बाबा त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. "चुकलं माझं," म्हणाले. काकांनी मान हलवली आणि विचारलं, "कोन खेळतंय आज?" त्या दिवशी आपण हरलो. आईने सुकटीची चटणी केली होती आणि दोघांनी ती भाकरीशी पोटभर खाल्ली.

आता मी त्या वेळच्या बाबांच्या वयाची आहे. बाळारामकाकांना जाऊन बरीच वर्षं झाली. बाबा निवृत्त आहेत, गुडघे धरतात, त्यामुळे खाली बसत नाहीत. डेव्हिस कपचे तीन दिवसही राहिले नाहीत, सामने दोन दिवसांत उरकतात. मी ठाण्याहून येते आणि आम्ही दोघं माझ्या फोनवर बघतो, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून. मागच्या खेपेला सामना परदेशात होता आणि कोर्टच्या कडेला एकही लाइन अंपायर नव्हता. चेंडू बाहेर गेला की यंत्रातून एका बाईचा आवाज येई. बाबा ते लक्ष देऊन ऐकत होते. मला वाटलं, ते त्या दिवसाबद्दल बोलतील. ते बोलले नाहीत, म्हणून मी बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"बाबा, त्या दिवशी बसमध्ये मी नीट दिसलं नाही असं म्हटलं असतं तर?"

त्यांनी फोनचा आवाज कमी केला. त्यांना ते जमत नाही, दोन-तीनदा चुकीचं बटण दाबून झालं.

"मला उत्तर माहीत होतं गं," ते म्हणाले. "तू काहीही सांगितलं असतंस तरी मी ते बोललोच असतो. पण मला ते एकट्याने उचलवेना. म्हणून तुला विचारलं. चौदा वर्षांची पोर तू. तुझ्या आईने तुला स्वयंपाकघरात काय म्हटलं, ते मी बाहेरून ऐकलं होतं. तेव्हा आत येऊन तिला सांगायला हवं होतं, की पोरीला बोलू नकोस, मीच विचारलं. मी बाहेरच उभा राहिलो." त्यांनी अंगठ्याने फोनची काच पुसली. "चेंडूचं मला आता काही वाटत नाही. तुला विचारलं, त्याचं वाटतं."

 एवढी वर्षं आम्ही तो एकच भार आपापल्या बाजूने वाहत होतो आणि दोघांनाही दुसऱ्याचा पत्ता नव्हता. मला सांगायचं होतं की मला तसं काही वाटलं नाही, पण ते खरं नव्हतं आणि ते त्यांना कळलं असतं. मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि पुन्हा तांब्याला टेकवला.

आतून आईने विचारलं, "कोण पुढे आहे?"

आम्हा दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नाही.